मुरुम ते विजापूर : पाण्याचा जोर ओळखत

उमरगा तालुक्यातले आमचे मुरुम पुणे-हैदराबाद महामार्गापासून थोडे आत, कर्नाटकच्या सीमेजवळ आहे. बाजारात मराठी, दखनी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. जवळून बेनितुरा नदी वाहते, तरी उन्हाळा आला की पाण्याची चिंता सुटत नाही. नळाला किती दिवसांनी पाणी आले, याचा हिशोब घरोघरी तोंडपाठ असतो. ते किती जोराने आले, याचा हिशोब मात्र सहसा कोणी ठेवत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही चाकांवरचे घर घेऊन विजापूरला निघालो, तेव्हा आम्हाला तो ठेवावा लागला.

विजापूर हे आमच्या अम्मींचे माहेर. त्यांची थोरली बहीण, आमच्या खालाजान, तिथे राहतात. त्यांची नजर आता जवळजवळ गेली आहे आणि फोनवर त्यांचा एकच धोशा असायचा, "एकदा येऊन जा." अम्मींचे वय 76, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खाली बसता येत नाही, कमोड लागतो आणि तोही वारंवार. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांच्या भीतीने चार वर्षे त्या गावाबाहेर पडल्या नव्हत्या.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. जीपमागे जोडायची अशी एक कॅरॅव्हॅन आम्ही पुण्याहून पाच दिवसांसाठी भाड्याने आणली. आत दोन पलंग, कमोड, हात धुवायचे भांडे, छोटा गिझर आणि 80 लिटरची टाकी. अम्मींनी पलंग पाहिला नाही, गिझर पाहिला नाही. थेट नळ सोडून पाहिला आणि म्हणाल्या, "पानी का जोर देखो रे पहले."

अशा गाडीत पाणी दोन तऱ्हांनी येते. एक, गाडीच्या टाकीतून, तिच्या छोट्या पंपाने. दुसरी, मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरच्या नळाला पाइप जोडून थेट. दुसरी तऱ्हा सोयीची, कारण टाकी संपण्याची धास्ती नाही. पण जोखीमही तिच्यातच आहे. गाडीतले पाइप बारीक, त्यांचे सांधे प्लॅस्टिकचे आणि बहुतेक फळ्यांच्या मागे दडलेले. एखादा सांधा रात्री सुटला, तर सकाळपर्यंत गाद्या आणि फळ्या भिजून जातात. वायरिंगपर्यंत पाणी गेले तर धोका त्याहून मोठा.

जोराचे गणित सोपे आहे. पाण्याची उंची 10 मीटर असेल, तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो जोर येतो. नळकाम करणारे मिस्त्री त्याला नुसते 'एक किलो प्रेशर' म्हणतात. आपल्या गच्चीवरची टाकी नळापेक्षा चार मीटर उंच असेल, तर नळाला अर्धा किलोही जोर मिळत नाही. टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची, जोर उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही. कॅरॅव्हॅनसाठी साधारण तीन ते चार किलोपर्यंतचा जोर ठीक समजतात. म्हणजे घरच्या गच्चीवरची टाकी तिला कधीच इजा करणार नाही. इजा करते ती बोअरची मोटर.

आमच्यातला धाकटा मोटार रिवाइंडिंगचे काम करतो. त्याने अंगणात बसून सगळ्यांना हे समजावले. समजा, मोटर पाणी 100 मीटर उंच चढवू शकते. उन्हाळ्यात बोअरचे पाणी 80 मीटर खोल गेलेले असते. मोटरची बहुतेक ताकद ते वर आणण्यातच संपते आणि वरचा कॉक बंद केला तरी पाइपावर दोनच किलो जोर राहतो. पावसाळ्यात पाणी 30 मीटरवर येते. आता कॉक बंद केला, तर पाइपावर 70 मीटरचा, म्हणजे सात किलोंचा जोर बसतो. तीच मोटर आणि तोच नळ. मे महिन्यात निर्धोक असलेला ऑगस्टमध्ये धोक्याचा होतो. "मागच्या वेळी काही झालं नाही," या शब्दावर म्हणूनच विसंबू नये.

निघण्यापूर्वी आम्ही गच्चीवरच्या टाकीतून गाडीची टाकी भरली आणि बाजारातून जोर मोजायचे एक घड्याळ, म्हणजे गेज, विकत घेतले. जोर कमी करणारा पितळी रेग्युलेटर गाडीसोबत आलाच होता.

पहिला थांबा नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवरचा तिथला बांध आदिलशाहीतला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर मुहम्मद इमादीन या स्थापत्यकाराने तो बांधला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन वाटांनी पाणी बाहेर झेपावते आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. अम्मींना पायऱ्या उतरणे शक्य नव्हते. त्या वरूनच खुर्चीत बसून धबधबा पाहत राहिल्या.

या बांधाची उंची सुमारे 90 फूट सांगतात. काठोकाठ पाणी असेल, तर त्याच्या तळाशी पावणेतीन किलो जोर येतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सत्तावीस टनांहून अधिक. आमच्या गाडीचा रेग्युलेटर याच्या जवळपासच लावलेला होता. जो जोर पेलायला इमादीन यांनी दगडाची एवढी जाड भिंत उभारली, तेवढाच आपण बोटाएवढ्या नळीत खेळवतो! नळी बारीक असल्यामुळे तिला तो पेलतो, पण त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर नेहमी पेलेलच असे नाही. दुसरी गोष्ट, बांधाने पाणी नुसते अडवले नाही. जास्तीच्या पाण्याला निघून जायला दोन वाटा ठेवल्या, म्हणून तो चारशे वर्षांनंतरही उभा आहे.

रात्रीचा मुक्काम सोलापूरच्या अलीकडे, एका शेतातल्या निवासात होता. मालक भला माणूस. "पाण्याचा फोर्स एक नंबर आहे, बिनधास्त जोडा," म्हणाला. धाकट्याने आधी नळाला गेज लावले. मोटर सुरू होताच काटा सातावर गेला. मग रेग्युलेटर लावून पाहिला, काटा तीनवर आला. आम्ही पाइप जोडणार, तेवढ्यात त्याने हात वर केला, "दहा मिनिटं थांबा." रेग्युलेटरच्या पुढचा कॉक बंद ठेवून आम्ही काट्याकडे पाहत राहिलो. तीन, साडेतीन, चार. काटा मुंगीच्या पावलांनी वर चढत होता. पाणी वाहत असताना रेग्युलेटर नीट काम करत होता, पण नळ बंद झाले की आतल्या वॉशरमधून थोडा थोडा जोर पुढे झिरपत होता. बहुधा वाळूचा कण अडकला असावा. दिवसा हे कळलेही नसते. रात्री सगळे झोपल्यावर, सगळे नळ बंद असताना, तो सातापर्यंत चढला असता.

आम्ही थेट जोडणी केलीच नाही. नळाखाली बादली धरून टाकी भरून घेतली आणि गाडीचा पंप वापरला. 80 लिटरमध्ये पाच माणसांची रात्र काढायची होती. वुजूसाठी प्रत्येकाला एक तांब्या. अम्मींना तेवढेही जास्त वाटले, त्यांचा वुजू अर्ध्या तांब्यात झाला. "नदीकाठी असलं तरी पाणी जपून वापरावं, हे लहानपणी शिकवलेलं," त्या म्हणाल्या. फजरच्या वेळी टाकीत अजून पाणी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजापूर आले. या शहराने जोराचा हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. मुहम्मद आदिलशाहाने 1651 मध्ये शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी शहरात आणले. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा जोर वाढला की मातीचे नळ फुटणार. म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे बांधले. त्यांना 'गंज' म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढते, तिथे त्याचा जोर मोडतो, गाळ खाली बसतो आणि शांत झालेले पाणी पुढे जाते. काही गंज आजही शहरात उभे आहेत. गोलघुमट पाहायला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तेही पाहावेत. आमच्या हातातला पितळी रेग्युलेटर त्यांचाच लहान भाऊ.

कॅरॅव्हॅन असो वा घरातला नवा गिझर, पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जोडण्यापूर्वी नळ दोन मिनिटे मोकळा सोडावा, म्हणजे गंज-माती निघून जाते. रेग्युलेटर गाडीच्या तोंडाशी नव्हे, नळाच्या तोंडाशी लावावा, म्हणजे पाइपही सुरक्षित राहतो. पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचाच असावा. आतला एक नळ उघडा ठेवून बाहेरचा कॉक हळूहळू फिरवावा, म्हणजे हवा निघून जाते आणि सांध्यांना झटका बसत नाही. गिझर पूर्ण भरल्याखेरीज त्याचे बटण दाबू नये. गाडीतले पाणी उलट नळात जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा, कारण नळाचे पाणी शेजाऱ्यांचेही असते. याच कारणाने नगरपरिषदेच्या नळाला थेट मोटर लावू नये. ती ओढ शेवटच्या घराचे पाणी पळवते आणि फुटक्या सांध्यांतून घाण आत खेचते. झोपताना आणि बाहेर जाताना बाहेरचा कॉक बंद करावा, आणि पाइप काढण्यापूर्वी आतला नळ उघडून जोर सोडून द्यावा.

खालाजानच्या घरी जोडणी त्यांच्या गच्चीवरच्या टाकीला केली. काटा अर्ध्या किलोच्याही खाली होता आणि बादली भरायला बराच वेळ लागत होता. खालाजान अम्मींच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होत्या, कपाळ, गाल, हनुवटी. दोघी बहिणी काही बोलत नव्हत्या. अंगणात पाइप सावकाश वाहत होता आणि त्या दिवशी कोणालाही घाई नव्हती.