ओ येईपर्यंत

महाराष्ट्रात म्हातारपणाची एक मौज आहे. साठी जवळ आली की नातेवाईक वाढू लागतात. रिक्षावाल्याचे आपण काका होतो, पेट्रोल पंपावरच्या पोराची काकू होतो, मोबाइलच्या दुकानातल्या मुलीची तर थेट आजी. बारशाचं बोलावणं नाही, लग्नातला मानपान नाही, पण नातं जागच्या जागी पक्कं. नागपुरात उतरलात तर ‘काकाजी’ म्हणतील, जळगावकडे आप्पा नाहीतर नाना, कोल्हापुरात मामा. मालवणात ‘काकानू’ म्हणताना शेवटचा स्वर असा काही लांबवतात की नसलेला पुतण्या खरा वाटू लागतो. अनोळखी वडीलधाऱ्याला नावानं हाक मारायची नाही, हे आपल्याकडे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

कायद्यानं २००७ साली साठाव्या वर्षावर ज्येष्ठपणाची रेघ मारली. मंडई कायदा वाचत नाही. तिथे केसांचा रंग, चपलेचा जाडेपणा आणि पिशवी उचलताना कमरेवर जाणारा हात एवढ्यावर निकाल लागतो. मी ताईची वहिनी झाले, वहिनीची काकू झाले आणि काकूची आजी. प्रत्येक बढतीचा हुकूम कुणा परक्यानं काढला. घरात नातवंड आलं ते त्यानंतर बऱ्याच काळानं. पुण्याच्या मंडईत मेथी विकणारी एक बाई माझ्याहून सहज दहा वर्षांनी मोठी असेल. ती मला आजी म्हणते, मी तिला मावशी म्हणते. या हिशेबानं वंशावळ मांडायला बसलं तर भटजीही उठून जाईल. पण माझी नजर जुडीतल्या पिवळ्या पानांवर गेली की ती काही न बोलता जुडी बदलते. तेवढ्या व्यवहारापुरती ती खरंच माझी कुणीतरी असते.

माझ्या वयाच्या मैत्रिणींना ‘आजी’ झोंबतं, ‘आंटी’ तर जिव्हारी लागतं. मला शब्दाचं फारसं काही वाटत नाही. लोकलमध्ये ‘काका, बसा’ म्हणून उठणारा मुलगा काकाच म्हणतो आणि पुण्यातल्या चौकात ‘ओ काका, बघून चालवा की!’ म्हणून अंगावर येणाराही काकाच म्हणतो. शब्द दोघांचा एक. मग एक हाक अंगावरून मोरपीस फिरवून जाते आणि दुसरी चिमटा काढते, ते कशामुळे? आवाजामुळे, हे उत्तर अर्धंच आहे. गोड आवाजातही माणसाचा पाणउतारा करता येतो, हे मी आईबरोबर दवाखान्यात पाहिलं.

आई शहाऐंशीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं उभा जन्म गणित शिकवलं. डोळे तपासायला नेलं तेव्हा यंत्रापाशी एक तरुण होता, हसतमुख, हाताला हळुवार. ‘आजी, हनुवटी इथे टेका. शाब्बास! शहाणी माझी आजी.’ आईला ऐकू उत्तम येतं, तरी त्याचा आवाज चढा, शब्द सुटे सुटे, बालवाडीतले. शाब्बास म्हटल्यावर आईनं यंत्राच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं. वर्गात उगाच पुढे पुढे करणाऱ्या मुलाकडे ती असंच पाहत असणार. मग त्यानं मान माझ्याकडे वळवली. ‘यांना रात्रीचं दिसतं का नीट?’

आई उत्तर जुळवत होती. तिला नेमकं बोलायची सवय. ‘नीट’ म्हणजे किती, हे ठरवायला तिला चार क्षण लागतात. ते चार क्षण त्या खोलीत कुणाकडे नव्हते. मी ‘हो, दिसतं’ म्हणून टाकलं आणि कळफलकाची खटखट झाली. मग आईचा आवाज आला. ‘दिसतं. पण समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती कडं येतं. डाव्या डोळ्याला जास्त. ते लिही.’ मुलानं आधीचं खोडलं आणि मुकाट्यानं लिहून घेतलं. मोतीबिंदूत दिव्याभोवती अशी वलयं दिसतात. म्हणजे डॉक्टरांच्या कामाचं होतं ते सगळं त्या चार क्षणांच्या पलीकडे होतं.

हाकेला ओ द्यायची असते, हे आपण लहानपणी शिकतो. हाक मारणाऱ्यानंही ओ येईपर्यंत थांबायचं असतं, हे शिकवायचं राहून गेलेलं दिसतं. म्हाताऱ्या माणसाची ओ उशिरा येते. ऐकू आलेलं आत पोचायला, आतलं जिभेवर यायला वेळ लागतो. तेवढ्यात हाक मारणारा शेजारच्या तरण्या माणसाकडे वळलेला असतो. हॉटेलात वेटर विचारतो, ‘आजोबांना तिखट चालेल?’ दुकानात मुलगी विचारते, ‘आजींना हा रंग आवडेल का?’ आजी-आजोबा समोरच बसलेले असतात. नातं त्यांच्याशी लावलेलं आणि बोलणं भलत्याशीच.

बँकेत तर हाकांचा चढता क्रम ऐकावा. नोव्हेंबर आला की पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. त्या कागदाला हयातीचा दाखला म्हणतात. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर देता येतो. पण धुण्या-भांड्यांत, मातीत, सिमेंटमध्ये गेलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. बोट ठेवलं तरी यंत्र ओ देत नाही. ‘आजोबा, दाबा.’ पुन्हा लाल दिवा. ‘आजोबा, दाबा हो.’ पुन्हा लाल. ‘अहो, दाबा ना!’ पहिल्या हाकेतला नातू तिसऱ्या हाकेपर्यंत फौजदार होतो. मग तो स्वतःच उठून त्यांचं बोट धरून काचेवर चेपतो. केंद्राच्या पेन्शनरांना २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ज्येष्ठांसाठी वेगळी किंवा त्यांना आधी घेणारी खिडकी ठेवा, सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली बँकांना बजावलं. पाटी बहुतेक ठिकाणी लागली. पाटीखाली माणूस बसतोच असं नाही.

फोनवर तर हाकही उरलेली नाही. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा. आकडा शोधेपर्यंत बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, आणि तिसऱ्यांदा ‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही’ म्हणून आभार मानून फोन ठेवते. आभार मानते, हे विशेष.

या सगळ्या घाईत म्हाताऱ्यांसाठी भरपूर वेळ काढून ठेवणारी एकच जमात मला दिसते, फोनवरून गंडा घालणाऱ्यांची. ‘आई, घाबरू नका. सावकाश चष्मा लावा. मी लाइनवर आहे.’ घसा खाकरायला वेळ देतात, कार्डावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचू देतात, गुडघ्याची चौकशी करतात. पैसे गेल्यावर घरचे विचारतात, एवढं कसं कळलं नाही? दिवसभरात ज्याच्याशी कुणी धड दोन वाक्यं पुरी बोललेलं नाही, त्याला एकानं शेवटपर्यंत बोलू दिलं, हे त्यातलं खरं आमिष असतं. चोरांना हे कळलंय.

नातं लावलं की मान दिला, हा आपला समज जुना आहे आणि तो कधीच पुरता खरा नव्हता. गावगाड्यात पाटलाचं शेंबडं पोर महारवाड्यातल्या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणून हाक मारी, आणि त्या म्हाताऱ्यानं ‘जोहार मायबाप’ म्हणायचं असे. मायबाप हे तर नात्यातलं सर्वांत थोर नाव. पण ते खालून वरच जायचं. वरून खाली त्या तोडीचं काही येत नसे. आंबेडकरी चळवळीनं जोहार टाकला आणि ‘जय भीम’ घेतला. त्यात मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की, एकानं म्हटलं की दुसरा तेच म्हणतो. लहान-थोर, बाई-बुवा, कुणालाही. वारीतल्या ‘माऊली’चंही तसंच. पालखीच्या वाटेवर ऐंशीची म्हातारी माऊली, चहा देणारा माऊली, बंदोबस्ताचा पोलीस माऊली. एक पाया पडला की दुसराही वाकतो, वय कुणी विचारत नाही. गेलेली हाक तेवढ्याच उंचीवरून परत येते.

आपल्या कचेऱ्या आणि शाळांमध्ये हे उलट्या बाजूनं तपासून पाहावं. ‘मामा, पाणी आणा.’ ‘मावशी, इथलं पुसून घ्या.’ साठीला टेकलेला शिपाई वीस वर्षांच्या कारकुनाचा मामा असतो आणि मामाला बसायला खुर्ची नसते. मावशीचा चहाचा कप वेगळा असतो. मामाचं नाव पगारपत्रकावर असतं, निवृत्तीच्या दिवशी हाराबरोबर ते एकदा माइकवरून उच्चारतात. म्हातारी माणसं केवळ काउंटरच्या बाहेर नसतात, आतही असतात. त्यांनाही हाक ऐकू येते, ओ मात्र कुणाला नको असते.

हाक कशी असावी याचा चांगला नमुना मला सातारा–कोरेगाव रस्त्यावर एसटीत बघायला मिळाला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे धोतर-टोपीतली पिढी पुन्हा गाडीत दिसू लागली. कंडक्टरचा सूर करडा होता. ‘आबा, आधार कार्ड काढा.’ आबांनी कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून कागदाची घडी, घडीतून कार्ड. कंडक्टर तेवढा वेळ दांडीला रेलून उभा राहिला. त्यानं पिशवी हिसकली नाही, शेजारच्याला विचारलं नाही. मग म्हणाला, ‘फाट्यावर उतरायचंय ना? गाडी उभी राहिल्याबिगर उठू नका.’

फाटा आला. आबा एक हात खांबाला, एक पोत्याला असे उतरू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, ‘चला की मास्तर, उशीर होतोय!’ कंडक्टरनं घंटीची दोरी धरून ठेवली होती, ओढली नाही. आबा खाली पोचले, पोतं खाली ठेवलं, धोतर सारखं केलं आणि वर बघून म्हणाले, ‘हां मास्तर, जाऊ द्या!’ तेव्हा डबल बेल झाली. साऱ्या गाडीला निघायची परवानगी त्या म्हाताऱ्यानं दिली होती. त्या दोघांत गोड असं काही बोललं गेलं नाही.

त्या कंडक्टरचं कौतुक करताना एक विसरता येत नाही: गाडीला वेळापत्रक होतं आणि उशिराचा जाब त्यालाच द्यायचा होता. वॉर्डातल्या नर्सकडे खाटा जास्त आणि हात दोनच असतात, खिडकीतल्या कारकुनापुढे रांग दारापर्यंत असते. ओ येईपर्यंत थांबायला वेळ लागतो आणि तो त्यांच्या मालकीचा नसतो. वरच्यांनी माणसं वाढवायची नाहीत आणि भिंतीवर ‘ज्येष्ठांशी सौजन्यानं बोला’ अशी पाटी लावायची, हे स्वस्तातलं सौजन्य झालं.

आमच्या दारात सामान घेऊन येणाऱ्या मुलाच्या फोनवर मिनिटं उलटी पळत असतात. पुड्यावर माझं नाव छापलेलं असतं, त्याचं नाव माझ्या फोनवर आलेलं असतं. तरी तो ‘आजी, ओटीपी’ म्हणतो, मी त्याला बाळा म्हणते. आकडे मी हल्ली आधीच कागदावर मोठे लिहून ठेवते. पण परवा चष्मा सापडेना. तो जिन्यात उभा राहून म्हणाला, ‘असू द्या, शोधा.’ मी शोधला, चारही आकडे स्वतः वाचले. त्याला दोन मिनिटं उशीर झाला. त्याचे तारे कापले जाऊ नयेत म्हणून मी पाचच्या पाच दिले. आणि शेजारच्या सत्तरीतल्या काकांनाही सांगून आले की, तो पोरगा आला तर आकडे तयार ठेवा, आणि नाहीच सापडले तर घाबरू नका, तो थांबतो.