अयादतीला जाताना

आजाऱ्याची विचारपूस करणे ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. आपल्याकडे अयादतीला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. मागच्या वर्षी अब्बांची बायपास झाली, तेव्हा आमच्या घरी रोज डबे येत. कोणी पाया आणी, कोणी बिर्याणी, कोणी तुपातला शिरा. म्हणणे एकच, "खाल्ल्याशिवाय ताकद कशी येणार?" त्या डब्यांत मायाच होती. पण अब्बांचे वजन होते 96 किलो, आणि जोडीला मधुमेह.

बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे कापतात आणि नंतर पोलादी तारांनी बांधतात. ते जुळून यायला दीड-दोन महिने लागतात; पुरती मजबुती त्याहून उशिरा येते. शरीर जड असले की खोकताना, कूस बदलताना जखमेवर जास्त ओढ बसते. चरबीच्या थराला रक्त कमी पोहोचते, म्हणून जखम सावकाश भरते. त्यात साखर वाढलेली असेल तर जंतूंना आयतेच फावते. पायातली शीर काढलेल्या जागेचेही तसेच. पोट मोठे असले की आडवे पडल्यावर फुप्फुसे नीट फुलत नाहीत, कफ साठतो. ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यताही अशा रुग्णांत जास्त असते.

अब्बांच्या जखमेच्या खालच्या टोकातून अकराव्या दिवशी पाणी येऊ लागले. त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. संसर्ग हाडापर्यंत गेला नव्हता, अलहम्दुलिल्लाह. तरी पुढचे तीन आठवडे ड्रेसिंग आणि इंजेक्शने यांतच गेले.

याच दिवसांत एका नातेवाइकांनी त्यांच्यासमोरच म्हटले, "खाण्यावर ताबा नव्हता, म्हणून हे झालं." अब्बांनी दोन दिवस जेवणाला जवळजवळ हातच लावला नाही. डॉक्टरांना कळले तेव्हा ते अम्मींना म्हणाले, "ही वजन उतरवायची वेळ नाही. जखम भरायला प्रथिने लागतात." तेव्हापासून अंडी, बांगडा, डाळ आणि भाजी सुरू झाली, तूप, मैदा आणि गोड बंद झाले. पोटभर आणि पौष्टिक यांतला फरक आम्हाला तेव्हा कळला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. थोडे जास्त वजन असलेले रुग्ण या ऑपरेशननंतर जास्त दगावतात, असे अनेक अभ्यासांत दिसलेले नाही. उलट अगदी कृश रुग्णांना धोका अधिक असतो. फार लठ्ठपणा असेल तर मात्र गुंतागुंत वाढते. म्हणून 'आधी वजन कमी करू, मग बघू' असे मनानेच ठरवून ऑपरेशन लांबवू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

अब्बा उशी छातीशी घट्ट धरून खोकायला शिकले. तीन चेंडूंच्या नळीने श्वासाचा व्यायाम करू लागले. सजद्यातून उठताना हातांवर भार येतो, म्हणून काही आठवडे नमाज खुर्चीवर बसून अदा केली. त्याचे त्यांना फार वाईट वाटे. पण आजाऱ्याला ही सवलत दीननेच दिली आहे, असे इमामसाहेबांनी समजावल्यावर मन शांत झाले.

पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही शिकवण हदीसमध्ये आहे. लहानपणापासून ती आपण ऐकत आलो, पण दस्तरख्वानवर बसलो की विसरतो. आता अब्बा फजरनंतर चालायला जातात. वर्षभरात त्यांचे आठ किलो वजन उतरले. भारतीय पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रियांची 80 च्या आत असावी, असे डॉक्टर सांगतात. आमचे भाईजान बेचाळीस वर्षांचे आहेत. परवा अम्मींनी शिवणाची टेप काढून त्यांची कंबर मोजली. 104 भरली. ते हसले, अम्मी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अब्बांबरोबर चालायला तेही जातात.