हाकेला येणारी कोंबडी

मराठी भाषेत कोंबडी पुष्कळ आहे. मराठी साहित्यात मात्र ती बहुतेक वेळा ताटातच भेटते. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, हे म्हणीने आपल्याला शिकवले. पुढाऱ्यांच्या भांडणाला आपण कोंबडझुंज म्हणतो. पण बैल, कुत्रा, घोडा यांना लेखकांनी जो स्वभाव बहाल केला, तो कोंबडीच्या वाट्याला क्वचितच आला. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळीतला सत्तेचा खेळ दाखवला. त्याच्या साठेक वर्षे आधी शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने असाच खेळ कोंबड्यांत पाहून ठेवला होता. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, याची एक ठरलेली उतरंड प्रत्येक खुराड्यात असते. 'पेकिंग ऑर्डर' हा कचेऱ्यांतून ऐकू येणारा शब्द तिथूनच आला. थोडक्यात, कोंबडीला स्वभाव आहे. आपण तिथवर वाकून पाहत नाही, एवढेच.

नोकरीच्या निमित्ताने मी नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत बिऱ्हाड केले आणि परसात कोंबड्या आल्या. तेव्हापासून शहरातल्या स्नेह्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : पहिल्यांदाच पाळायच्या आहेत, तर माणसाळू जात कोणती घ्यावी? प्रश्न साधा वाटतो. त्याचे एक साधे उत्तरही आहे, आणि ते आधी देऊन टाकते.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराज आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या अंगाने भारी, चालीने संथ आणि स्वभावाने शांत. त्यांना उडून पळणे फारसे जमत नाही, त्यामुळे त्या लवकर हाती लागतात. असील झुंजीसाठी प्रसिद्ध; पण तिचे वैर दुसऱ्या कोंबड्यांशी असते, माणसाशी ती बहुधा सौम्य वागते. पांढरी लेगहॉर्न अंडी भरपूर देते, मात्र भांडे पडले तरी दचकते. आमच्या जिल्ह्याला नर्मदेपलीकडून लागून असलेल्या अलिराजपूर-झाबुआ पट्ट्यातली कडकनाथ दिसायला देखणी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती बुजरी, आणि अंड्यांवर बसण्याचा तिला कंटाळा. उरली गावरान कोंबडी. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणारी, चपळ, संशयी, हात पुढे केला की कुंपणापलीकडे जाणारी. माणसाळूपणाच्या परीक्षेत ही पहिल्याच फेरीत बाद व्हायची.

परंतु जात निवडून माणसाळूपणा विकत मिळत नाही. त्यातला मोठा भाग पिल्लाच्या पहिल्या काही दिवसांत घडतो. एकविसाव्या दिवशी कवच फोडण्याच्या थोडे आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरते. निसर्गाने ही सोय केली ती मागून फुटणाऱ्या भावंडांची आईला वाट पाहता यावी म्हणून. उबवणी केंद्रांनी तिचा उपयोग पिल्ले खोक्यात भरून दूरगावी पाठवण्यासाठी केला.

त्या खोक्यातून उतरलेल्या पिल्लाला आई नसते. ती आपल्याला व्हावे लागते. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी ती कमी करत जायची. थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतः सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन कर्कश ओरडू लागली तर थंडी. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उष्णता. सगळीकडे पांगून बारीक आवाजात पुटपुटत राहिली तर सगळे ठीक. खाली भाताचा तूस, त्यावर पहिले दिवसभर कागद, म्हणजे दाण्याऐवजी तूस पोटात जात नाही. आल्याबरोबर गुळाचे पाणी, मग मक्याचा बारीक भरडा. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, कारण राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, एका रात्रीत खुराडे रिकामे करते. सातपुड्याच्या पायथ्याकडे पौषातली रात्र बोचरी असते आणि वीज जाण्याला काळवेळ नसते. म्हणून दिव्याच्या जोडीला निखाऱ्यांची शेगडीही तयार ठेवावी लागते, तीही धूर कोंडणार नाही अशा बेताने.

आता माणसाळवण्याचे. पिल्लाच्या दृष्टीने वरून येणारी प्रत्येक गोष्ट घार असते. म्हणून हात वरून न्यायचा नाही. तळहातावर भरडा घेऊन तो जमिनीलगत ठेवायचा आणि थांबायचे. काही पिल्ले पहिल्याच दिवशी हातावर चढतात, काही आठवडाभर कोपरा सोडत नाहीत. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच जातीच्या पिल्लांत हा फरक पडतो. त्यामुळे घेतानाच निवड करायची झाली तर जातीपेक्षा पिल्लू पाहावे : डोळे चकचकीत, बेंबी सुकलेली, पाय ताठ, आणि हात जवळ आल्यावर घाबरले तरी लगेच भानावर येणारे.

इथे मला शेजारच्या आजींचे खुराडे आठवल्याशिवाय राहत नाही. त्यांच्याकडे दिवा नाही, थर्मामीटर नाही. गावरान कोंबडी खुडूक झाली की डालग्यात गवत घालून त्या तिला अंड्यांवर बसवतात; एकविसाव्या दिवसानंतर ऊब, धाक आणि शिक्षण ही सगळी खाती कोंबडीच सांभाळते. खुडूक होणे म्हणजे काही आठवडे अंडी बंद. उद्योगाच्या हिशेबात हा तोटा, म्हणून निवड करत करत अंड्यांच्या जातींतून ही वृत्ती जवळजवळ घालवून टाकली गेली. गावरान कोंबडीत ती शिल्लक आहे. आजी अंगणात बसतात तेव्हा पिल्लांची आई मान वर करून त्यांच्याकडे पाहते आणि पुन्हा उकरू लागते. तेवढ्याने पिल्लांना कळते की ही घार नव्हे. जे मला तळहातावर भरडा घेऊन आठवडाभरात साधते, ते तिथे आईच्या एका नजरेत होते.

त्याच आजींचा एक नियम आहे. दाणे टाकून हाक मारली की कोंबडी धरायची नाही, कितीही निकड असली तरी. पाहुण्यासाठी असो, बाजारासाठी असो की देवाच्या मानासाठी, धरायची ती रात्री, खुराड्यातून, अंधारात. मला आधी ही निव्वळ सोय वाटली, कारण अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही. त्यात आणखीही काही असल्याचे हळूहळू लक्षात आले. त्या कोंबड्यांना नावे ठेवत नाहीत, मांडीवर घेत नाहीत, आणि त्यातली प्रत्येक एक दिवस कापली जाणार हे लपवतही नाहीत. फक्त हाक खोटी ठरू देत नाहीत.

हा नियम मोडावा लागण्याचे प्रसंगही येतात. फेब्रुवारी २००६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्यांतला बर्ड फ्लू देशात प्रथम आढळला. लाखो पक्षी मारले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरावर पुन्हा तीच वेळ आली. साथ रोखायची तर ठरावीक परिघातले सगळे पक्षी नष्ट करावे लागतात. मोठ्या शेडमधले आणि परसातलेही. यामागचे कारण मला पटते. पण शेडमधली कोंबडी कोणाच्या हाकेला येत नसते, परसातली येते. पथक दारात उभे असताना चौफेर पांगलेल्या कोंबड्या गोळा कोण करणार? ज्याच्या हाकेला त्या येतात, तोच. मोबदला पक्ष्यामागे ठरलेल्या दराने मिळतो. त्या हाकेला दर नसतो.

म्हणून माणसाळू कोंबडी कोणती, असे कोणी विचारले की वनराज किंवा गिरिराज असे सांगून मी क्षणभर थांबते. नवशिक्याने एखादी खुडूक गावरान कोंबडीही आणावी आणि तिच्याखाली अंडी ठेवून पाहावीत, असे सुचवते. माणसाळणे हा कोंबडीचा गुण आपण समजतो, पण त्यात जोखीम सगळी तिची असते. भीती हे तिचे एकमेव शस्त्र, आणि ते आपण तिला खाली ठेवायला लावतो. मुंगसापुढे, बोक्यापुढे आणि आपल्यापुढेही ती मग उघडी पडते. तेव्हा निवड करायची ती कोंबडीची नंतर. आपली हाक पाळता येईल का, हे आधी ठरवावे.