बुटांचे गाव, बेसबॉल आणि फुकटचे घोडे

जबलपूरहून कटनीकडे निघालेली गाडी वाटेत सिहोरा रोड स्थानकावर थांबते. सिहोरा हे जबलपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. आसपासच्या भागात लोखंडाचा तांबूस दगड सापडतो आणि मालमोटारी भरभरून तो बाहेर जातो. इथून सुमारे 40 किलोमीटरवर, जबलपुरात, 1904 सालापासून तोफगाड्यांचा सरकारी कारखाना आहे. त्याच्याभोवती कामगारांची अख्खी वसाहत वसली. एकाच जिल्ह्यातल्या या दोन ठिकाणांकडे पाहिले की एक साधा प्रश्न मनात येतो. माणसे घाम गाळतात, माल तयार होतो, पगार मिळतो. पण पगाराखेरीज कारखाना गावाचे आणखी काही देणे लागतो का?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर काहींनी कृतीने दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. बंगालमध्ये बुटांच्या कारखान्याभोवती बाटानगर उभे राहिले. असाच एक बूट कारखानदार अमेरिकेत होऊन गेला. त्याने आपल्या गावाला घरे दिली, दवाखाने दिले, आणि त्याबरोबरच खेळाचे मैदानही दिले. त्याचे नाव जॉर्ज एफ. जॉन्सन.

तेराव्या वर्षी कारखान्यात

न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने तीन-साडेतीन तासांवर, सस्क्वेहाना नदीच्या काठी, बिंगहॅम्टन, जॉन्सन सिटी आणि एंडिकॉट ही तीन गावे एकमेकांना खेटून उभी आहेत. यांतली दोन बुटांच्या कारखान्यामुळेच वाढली. जॉन्सनचा जन्म 1857 चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. शाळा अर्धवट सोडून वयाच्या तेराव्या वर्षी तो बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे तो या भागात आला, मुकादमीपासून वर चढत गेला आणि बोस्टनचे भांडवलदार हेन्री एंडिकॉट यांचा भागीदार झाला. एंडिकॉट-जॉन्सन ही कंपनी अशी नावारूपाला आली. 1916 साली लेस्टरशायर या गावाने आपले नावच बदलून जॉन्सन सिटी असे ठेवले.

कंपनीच्या भरभराटीच्या काळात इथे वीस हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. इटली, पोलंड, स्लोव्हाकिया अशा दूरदेशांतून आलेल्या या लोकांना इंग्रजीचा गंधही नसे. बोटीतून उतरल्यावर त्यांना एवढेच विचारता येई, "विच वे ईजे?" म्हणजे एंडिकॉट-जॉन्सनकडे कोणता रस्ता जातो? ही गोष्ट तिथे आजही घराघरांत सांगतात.

जॉन्सनने 1916 मध्ये आठ तासांचा दिवस सुरू केला. कामगारांसाठी घरे बांधून ती त्यांना हप्त्यांवर दिली. दवाखान्याचा खर्च कंपनीने उचलला. जगभर मंदी आली तेव्हा सरसकट माणसे काढण्याऐवजी आहे ते काम वाटून घेण्यावर भर दिला. या सगळ्याला तो 'स्क्वेअर डील' म्हणत असे. आपल्या भाषेत सांगायचे तर चोख व्यवहार. 1920 साली रस्त्यावर दगडी कमानी उभ्या राहिल्या आणि त्यांवर हेच शब्द कोरले गेले. त्या कमानींखालून आजही वाहने जातात.

मैदान कशासाठी?

आता बेसबॉलविषयी. आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून सॉफ्टबॉल खेळला जातो. त्याचाच हा थोरला भाऊ. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने गोल दांडक्याने तो टोलवायचा आणि मैदानातल्या चौकोनाचे कोपरे एकामागून एक गाठत पुन्हा मूळ जागी परतायचे. या मूळ जागेला तिथे 'घर' म्हणतात.

जॉन्सनच्या विचाराने हा खेळ म्हणजे चैन नव्हती. दिवसभर कातडी कापणाऱ्या आणि शिलाईयंत्रावर वाकणाऱ्या माणसाला संध्याकाळी मोकळी हवा हवी. शेजारी कोणती भाषा बोलतो हे त्याला कळत नसेल, पण चेंडू कुंपणापलीकडे गेला की दोघांच्याही तोंडून एकच आरोळी निघते. तऱ्हेतऱ्हेच्या देशांतून आलेल्या माणसांचे एक गाव व्हायचे तर त्यांना एकत्र बसायला जागा हवी. जॉन्सन सिटीत 1913 साली सुरू झालेले जॉन्सन फील्ड हे मैदान ती जागा ठरले.

कोल्हापूरकरांना हे सांगावे लागणार नाही. चपलांसाठी आणि कुस्तीसाठी सारख्याच प्रसिद्ध असलेल्या त्या शहरात शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान 1912 सालचे, म्हणजे अवघ्या वर्षभरापूर्वीचे! एक राजा आणि एक कारखानदार, दोघांनी हजारो मैल अंतरावर गावाची गरज सारखीच ओळखली होती.

जॉन्सन फील्डवर तिन्ही गावांचा मिळून एक संघ खेळे. त्याचे नावच 'ट्रिप्लेट्स', म्हणजे तिळे. 1932 पासून हा संघ न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकीज संघाचे उमेदवारीचे ठाणे बनला. यांकीजचा नामांकित पिचर व्हायटी फोर्ड 1949 साली इथेच खेळत होता.

पैसे घ्यायचे नाहीत

मुलांसाठी जॉन्सन कुटुंबाने आणखी एक गोष्ट केली. जत्रेत असतो तसा लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा त्यांनी निरनिराळ्या बागांना भेट दिला. 1920 ते 1934 या काळातले असे सहा पाळणे आज टिकून आहेत. सर्वांत मोठ्या पाळण्यावर 72 प्राणी आहेत. लहानपणी पैसे नसल्याने जॉन्सनला पाळण्यात बसायला मिळाले नव्हते, असे सांगतात. म्हणून देताना एकच अट होती, मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. ही अट अजून पाळली जाते. उन्हाळ्यात कोणत्याही मुलाने यावे आणि घोड्यावर बसावे. रॉस पार्कमध्ये तर तिकीट म्हणून कचऱ्याचा एक कपटा उचलून आणायचा!

नाण्याची दुसरी बाजू

हे सारे गोडच होते असे मात्र नाही. घर मालकाचे, दवाखाना मालकाचा, करमणूकही मालकाची. मग मालकाशी भांडायचे कसे? 1940 साली मतदान झाले तेव्हा इथल्या कामगारांनी संघटना नाकारली. काहींच्या मते ती कृतज्ञता होती, तर काहींच्या मते उपकाराचे ओझे. शिवाय एका माणसाच्या चांगुलपणावर उभे असलेले गाव त्याच्या मागे किती काळ उभे राहणार? 1948 मध्ये जॉन्सनचे निधन झाले. परदेशी स्वस्त बुटांपुढे कंपनीचा टिकाव लागेना. एकेक कारखाना बंद पडत गेला आणि शतक संपता संपता बूट बनवणारे हे गाव बुटांवाचून राहिले. 1968 साली मैदानही गेले. त्या जागेवरून महामार्ग निघाला.

मग उरले काय? विशेष म्हणजे, जे विकायचे नाही म्हणून दिले होते, तेच उरले. कारखान्यांच्या इमारती ओस पडल्या, पण घोडे फिरत राहिले. 1992 साली बिंगहॅम्टनमध्ये नवे मैदान उभे राहिले आणि बेसबॉलही परत आला. 2017 पासून तिथल्या संघाचे नाव आहे 'रंबल पोनीज'. हे नाव घेतले ते या पाळण्यांतल्या लाकडी घोड्यांवरून. बुटाची पेटी न पाहिलेली मुले आज घोड्याचे चित्र असलेली टोपी घालून सामना पाहायला जातात.

सिहोऱ्यात काय आणि कोल्हापुरात काय, प्रत्येक गावाला कधी ना कधी हा हिशेब मांडावा लागतो. दगड संपतो, कारखाना बंद पडतो, मालकाचे नाव पुसट होते. संध्याकाळी जिथे तिकीट लागत नाही अशी एखादी जागा मागे राहिली असेल, तर निदान पोरांना त्या माणसाची आठवण राहते.