फुगणारी फळी, फुटणारी बी

दोस्तांनो, पावसाळ्यात न उघडणारा एखादा टेबलाचा खण किंवा न लागणारं दार तुमच्या घरी आहे का? असेल तर त्याच्यावर चिडू नका. ते लाकूड पाणी पितंय!

आमचं घर कुरवंड्यात, नागफणीच्या पायथ्याशी. (पर्यटक तिला ड्यूक्स नोज म्हणतात. मला विचाराल तर नाकापेक्षा फणाच शोभतो!) लोणावळ्याच्या या बाजूला वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; पुण्यात ७०० च्या आसपास. पावसाळाभर ढग थेट घरात. पापड मऊ, काडेपेटी ओली. अशा गावात सुतारकामाचा छंद म्हणजे वेडेपणाच, पण मला तो आहे.

गेल्या वर्षी आईचे गुडघे कुरकुरू लागले. खाली बसली की उठताना कुणाचा तरी हात लागायचा, आणि हात मागणं तिला मुळीच आवडत नाही. बाजारातली स्टुलं एकतर बुटकी, नाहीतर पाय लोंबकळतील इतकी उंच. मग मी तिच्या गुडघ्याची उंची मोजली. भरली ४२ सेंटिमीटर. तेवढंच स्टूल करायचं ठरलं.

आता लाकडाची गंमत ऐका. झाड उभं असतं तेव्हा लाकडातल्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं. कापल्यावरही ते लाकूड दमट हवेतलं पाणी शोषतं, उन्हाळ्यात सोडतं. पण सगळीकडून सारखं फुगत नाही, बरं का! फळी रुंदीत वाढते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे स्टुलाचे पाय तेवढेच राहतात, बसायची फळी मात्र रुंदावते. ती गच्च आवळून टाकली, तर उन्हाळ्यात आकसताना तडकते. म्हणून खालच्या पट्ट्यांत स्क्रूसाठी मी गोल भोकांऐवजी लांबट भोकं पाडली. फळीला सरकायला जागा! पट्टीच्या टोकाला जीभ, पायाला तेवढीच खाच. पटाशीने त्या कोरण्यात कितीतरी रविवार गेले.

दर रविवारी काम रंगात आलं की कॉफी हवीच. आपल्या विदर्भात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते, ठाऊक आहे? कच्ची बी हिरवट असते. ती लोखंडी कढईत सारखी हलवत भाजायची (घरातलं मोठं माणूस जवळ हवं!). आधी पिवळी, मग तपकिरी, आणि मग फट्! फट्! बीच्या पोटातल्या पाण्याची वाफ होते आणि बी फुटते. १०० ग्रॅमचे साधारण ८५ ग्रॅम उरतात. पूड दळून लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर आमची हवा तीसुद्धा ओली करते. दोन मजली फिल्टरमध्ये वर पूड, तिच्यावर गरम पाणी, आणि खाली थेंब थेंब कॉफी. तेवढ्या वेळात माझी अर्धी खाच कोरून होते.

आई आता स्टुलावर बसून भाजी निवडते आणि हात न मागता उठते. जुलैत टेबलाचा खण अडकला तेव्हा मी रंधा उचलला, तर ती तिथूनच ओरडली, "अरे, आत्ता तासशील तर मे महिन्यात खुळखुळेल!"

घरात जुना, रंग न दिलेला लाकडी पाट आहे? मे महिन्यात त्याची रुंदी मोजून तारखेसह वहीत लिहा. ऑगस्टमध्ये पुन्हा पट्टी लावा.