वाळूजचं कडबोळं

संभाजीनगरला पाहुणा आला की रूट ठरलेला. मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, वेरूळ आणि परतताना हिमरू शालीची घासाघीस. मी मात्र हल्ली पाहुण्यांना आधी वाळूज एमआयडीसीत नेतो. तिथल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये माझा मित्र शनिवारी दुपारी, ऑर्डरचं काम संपलं की, व्हीएमसीवर स्वतःचा जॉब लावतो. अ‍ॅल्युमिनियमचं कडबोळं! खरं नाव डिसेंडर. रॅपलिंग करताना ज्यातून दोरी घोळवून आपण कडा उतरतो, ती वस्तू.

बाजारात मिळत नाही का? मिळते की! पण नेहमीचा ‘फिगर ऑफ एट’ जाड दोरीसाठी असतो. आणि साडेदहा मिलिमीटरची 60 मीटर दोरी म्हणजे चार किलो ओझं. सांदण दरीत पाठीवर वागवून बघा एकदा. सहा मिलिमीटरची तेवढीच दोरी दीड किलोत बसते. तुटेल? युरोपियन स्टँडर्डप्रमाणे सहा मिलिमीटरच्या कॉर्डने किमान 7.2 किलोन्यूटन, म्हणजे सातशे किलोंहून जास्त भार घ्यावाच लागतो. गाठीत ताकद कमी होते आणि आपल्या बेसॉल्टच्या धारदार कडेवर तिची साल लवकर सोलते, ते वेगळं. पण साहेबांची झोप उडवलीय ती पकडीने. बारीक दोरी नेहमीच्या एटमधून सुळकन निसटते.

गावाकडे ओढाळ बैलाचं दावं खुंटाला वेढे मारून धरतात, तेच इथलं विज्ञान. घर्षणांक 0.25 धरला तर एका वेढ्यात ओढ जवळपास पाचपट कमी होते. सत्तर किलोचा माणूस हाताच्या पाच किलो जोरावर थोपवायचा तर पावणेदोन वेढे लागतात. गंमत म्हणजे वेढे ज्या दांड्यावर बसतात तो जाड की बारीक, याने या हिशेबात काही बिघडत नाही. म्हणून साहेबांनी दांडा बारीक केला, वजन उतरवलं, जाम खूश!

मग एका रविवारी आम्ही वेरूळला गेलो. कैलास लेणं सगळे खालून बघतात. तुम्ही बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी ते कळसाकडून पायाकडे खोदत नेलं. खोली सुमारे 30 मीटर. (तिथे दोरी बांधायचा विचारही नको, संरक्षित स्मारक आहे. आणि मंगळवारी जाऊ नका, बंद असतं.) खाली बघत मित्राने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. सत्तर किलोचा माणूस एवढा उतरला की वीस हजारांवर ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. सगळी शंभर ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियममध्येच मुरली तर ते सव्वादोनशे अंशांनी तापेल. पन्नास ग्रॅमचं केलं तर दुप्पट! काही उष्णता हवेत जाते, काही दोरीत, हे खरं. पण नायलॉन-6 वितळतं 220 अंशांच्या आसपास. म्हणजे कडबोळं जितकं हलकं, तितकं ते दोरीला भाजणार. हलकेपणाच्या नादात सगळ्यात आधी हेच विसरलं जातं, असं माझं मत. कॅटलॉगमध्ये ग्रॅम ठळक छापतात, अंश कुठे छापतात?

पुढच्या शनिवारी शॉपमधल्या क्रेनला दोरी बांधून सत्तर किलो वाळूची पोती सोडली. तापमान मोजायच्या गनसाठी कडबोळ्यावर काळी टेप चिकटवली, कारण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती खोटं कमी आकडा दाखवते. सावकाश सोडलं तर कडबोळं नुसतं कोमट. भर्रकन सोडलं तर दोरीवर चकचकीत पट्टा उमटला, साल वितळायला लागल्याची खूण. दांडा पुन्हा जाड झाला, बाजूला दोन शिंगं आली. उतरता उतरता जादा वेढा मारता यावा म्हणून. वाचवलेले बरेचसे ग्रॅम परत गेले.

माणूस अजून त्यावर लटकलेला नाही. कारण हात सुटला तर थांबवणारी प्रुसिक गाठ मुख्य दोरीपेक्षा बारीक कॉर्डची लागते. सहाच्या खाली येतो पाच मिलिमीटर, आणि तो घट्ट धरतो की घसरतो, हेही आधी पोत्यांवरच बघायचंय. बायको विचारते, “एवढं करून वजन किती वाचलं?” तो दोरीचं सांगतो, कडबोळ्याचं टाळतो.