बेंजो : मेड इन पनवेल

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणसत्तर म्हणजे नक्की किती, हे मला अजून मनात इंग्लिशमध्ये मोजावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाच्या खात्यावर जमा कराव्यात!

शाळेत आमच्या म्युझिकच्या सिस्टर स्टीफन फॉस्टरचं 'ओ सुझाना' शिकवायच्या. १८४८ सालचं गाणं. पुस्तकात त्याच्याबरोबर बँजोचं चित्र होतं. डफासारखं गोल तोंड आणि लांब मान. आणि सुट्टीत पनवेलला आजोळी आलं की मामाच्या हातात जो 'बेंजो' असायचा तो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. सात वर्षांची असताना मी मामाला ठणकावून सांगितलं होतं की हा बँजो नाहीच. मामा म्हणाला, "मंग तुझे सिस्टरला सांग गो, आमचेकडं असाच असतं."

खरं तर दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. अमेरिकेतला बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या आठवणीतून तयार झाला. सुरुवातीला भोपळा, त्यावर कातडं, दांडा आणि तारा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बॉस्टन, फिलाडेल्फियाच्या कारखान्यांत त्याच्या मानेवर शिंपल्याची जडावाची नक्षी होऊ लागली आणि तो दिवाणखान्यात जाऊन बसला. आपला बेंजो मात्र जपानी! १९१२ मध्ये नागोयातल्या गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य काढलं. बटणांची कल्पना टाइपरायटरवरून. ते हिंदुस्थानात आलं, त्याला 'बुलबुल तरंग' असं गोड नाव मिळालं आणि आपल्या लोकांनी ते बाजूला ठेवून 'बेंजो' म्हणायला सुरुवात केली. नाव एकाचं, वाद्य दुसऱ्याचं, आणि वाजतंय कुठे, तर आगरी-कोळ्यांच्या हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत. रवी जाधवांचा २०१६ चा 'बँजो' सिनेमा हॉस्टेलवर बहुतेकांनी पाहिलाय, त्यामुळे जास्त सांगत नाही.

मामा बेंजो वाजवतो आणि बनवतोही. रविवारी मेसच्या पातळ डाळीला कंटाळून मी मामीकडे जेवायला जाते (मेस कमिटीने कृपया मनाला लावून घेऊ नये), आणि जेवण झालं की मागच्या पडवीत त्याच्या शेजारी बसते. पेटी सागाची, वरची फळी पातळ. तारा पोलादाच्या. बटण दाबलं की खालची पट्टी तारेला धातूच्या पडद्यावर दाबते, बोट उचललं की स्प्रिंग तिला परत वर ढकलते. उजव्या हाताने नखीचा फटका, डाव्या हाताने बटणं. तारांखाली पिकअप : लोहचुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. म्हणजे आपण सेकंड सेमला पाठ केलेला फॅरेडेचा नियम! फरक एवढाच की व्हायवाला तो मला आठवला नाही आणि मामाला त्याचं नाव माहीत नसून तो रोज वापरतो.

पण मला सगळ्यात आवडतं ते त्यानंतरचं काम, सजावटीचं. बेंजोची एक बाजू वाजवणाऱ्याकडे आणि एक लोकांकडे असते. लोकांकडच्या बाजूवर मामा पंधरा-पंधरा दिवस घालवतो. रंगीत सनमायकाचे तुकडे बारीक करवतीने कापून तो मोर बनवतो. निळा, त्यावर हिरवा, डोळ्याच्या जागी पितळेची चुक. दोन मोरांच्या मधे एकवीरा आई. कडेने आरशाच्या चकत्या, म्हणजे हॅलोजनचा उजेड पडला की मिरवणुकीत ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं. वरच्या फळीत तो कमळाच्या आकाराचं भोकही कोरतो. मी एकदा विचारलं, आवाज तर पिकअपमधून स्पीकरला जातो, मग हे भोक कशाला? म्हणाला, "त्याला तोंड नको?" मेकॅनिकलच्या कुठल्याही पुस्तकात हे डिझाइन क्रायटेरियन मला सापडलेलं नाही, पण भोक नसलेला बेंजो खरोखरच मुका दिसतो. हल्लीचे गिऱ्हाईक एलईडीची माळ मागतात. मामा तीही लावतो, तोंड वाकडं करून.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, तिथल्या घराण्यांनी दीडशेहून जास्त वर्षं ती कला सांभाळली आहे. पण बेंजोला असं काही कोणी देईल असं वाटत नाही. तो रस्त्यावर वाजतो, घामाने भिजतो, आणि त्याच्याबद्दल पेपरात बातमी येते ती डेसिबलची.

आणि ती बातमी खोटी नसते, हे मला मामाच्या घरात बसून कळतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मामा पंचवीस वर्षं स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलाय. त्याचा डावा कान जवळजवळ गेला आहे, आणि उजव्या कानाला वरचे सूर ऐकू येत नाहीत. वाजवण्याचं एकवेळ चालतं, बोटांना रस्ता पाठ असतो. पण पडदे बसवायचे तर कान लागतो. गेल्या दिवाळीनंतर त्याने एक पेटी बनवली आणि वरच्या सप्तकाचे पडदे तीनदा काढून लावले. मामी काही बोलली नाही. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "बघ ना गो, तुझे इंजिनेरीत काय हाय का."

होतं. अगदी सोपं गणित आहे. एका सप्तकात बारा सूर, प्रत्येक सुराला तारेची लांबी दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९५ ने भागायची. ६० सेंटिमीटरची तार घेतली तर पहिला पडदा ३.३७ सेंटिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर ३० वर, आणि तेराव्याचं अंतर पहिल्याच्या निम्मं, १.६८. मी ऑटोकॅडमध्ये पट्टी काढून प्रिंट नेली. मामाने ती त्याच्या जुन्या लाकडी पट्टीवर ठेवली. पडद्यांच्या खुणा जुळल्या, पण त्याचा घोडा माझ्या घोड्यापेक्षा दोन मिलिमीटर मागे. मी म्हटलं पट्टी झिजली असेल. तो हसला, बटण दाबून दाखवलं. पट्टीने दाबल्यावर तार ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो, तो चढ खाण्यासाठी घोडा थोडा मागे घ्यायचा. गिटारवालेही हेच करतात, हे मी हॉस्टेलवर येऊन वाचलं. ते दोन मिलिमीटर माझ्या फॉर्म्युल्यात नव्हते. कान चांगला असतानाच्या मामाने ते त्या पट्टीवर लिहून ठेवले होते.

मग आम्ही वाटणी केली. आकडे माझे, घोडा त्याच्या पट्टीवरचा, आणि वरच्या सुरांना मोबाइलवरचा ट्यूनर. मामाला ट्यूनर आवडत नाही. काटा मधे आला की मी मान हलवते, तेव्हा तो पडदा ठोकतो. तो काट्याकडे बघत नाही, माझ्या मानेकडे बघतो.

त्याची पार्टी आता एका गावाची राहिलेली नाही. विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यात त्यांचंही गाव. ताशावाला एका सेक्टरमध्ये, ढोलवाला दुसऱ्या, ऑक्टोपॅडवाला पार कळंबोलीला. डिसेंबर २०२५ पासून त्या जमिनीवरून विमानं उडतायत आणि मामाचा मुलगा तिथे शिफ्टमध्ये कामाला लागलाय. पगार वेळेवर येतो, मामी खूश आहे, आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. फक्त करवत त्याने कधी हातात धरली नाही. मी धरते. माझा मोर सध्या कोंबडीसारखा दिसतो असं मामाचं मत आहे.

सध्या पडवीत एक पेटी आहे, उरणच्या एका हळदीची ऑर्डर. पडदे बसलेत, बटणं राहिलीत. स्प्रिंगा मी लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, त्या जरा कडक निघाल्या, त्यामुळे येत्या रविवारी त्या सगळ्या बदलायच्या आहेत. सोमवारी टी.ओ.एम. चं सबमिशन आहे. कोणाची फाइल पूर्ण असेल तर रूमवर आणून द्यावी, ही नम्र विनंती.